खाडीतला कचरा आणि होडीचं इंजिन: मागच्या धारेवर डोळा ठेवा

ठाणे खाडीत मशीन लावून होडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं इंजिन कधी ना कधी गरम झालेलं असतं, आणि मग मेकॅनिककडे धावाधाव होते, थर्मोस्टॅट बदला, हेड उघडा, आणि शेवटी निघतं काय तर दुधाची पिशवी नाहीतर जलपर्णीच्या मुळांचा गुंता. खाडीत कचरा आहे आणि तो लगेच जाणार नाहीये, दोन्ही काठांच्या नाल्यांतून रोज येतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय, नवीन होडी घेतलेल्यांनी तरी नीट वाचा.

आधी पाणी कसं फिरतं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या मशीनला, गाडीसारखा रेडिएटर नसतो, खाडीचंच पाणी त्याचं कूलंट. पंख्याच्या जरा पुढे गिअरकेसच्या (खालच्या गिअरच्या डब्याच्या) बाजूला चिरा असलेली छोटी जाळी असते, तिथून पाणी आत जातं, वर रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो तो ते पाणी ढकलतो, सिलेंडरभोवती फिरून बरंचसं पाणी एक्झॉस्टबरोबर खाली निघून जातं आणि थोडंसं मागच्या बारीक भोकातून धार होऊन बाहेर पडतं. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी समजा. मशीन चालू केलं की पहिली नजर धारेवर, आणि नंतरसुद्धा दर चार-पाच मिनिटांनी मागे वळून बघायचं. धार बारीक झाली, तुटक यायला लागली, किंवा पाण्याऐवजी वाफ यायला लागली तर "जेट्टी आलीच आहे, दोन मिनिटं काढू" असं अजिबात करू नका. पिशवीने इंजिन जात नाही, त्या दोन मिनिटांनी जातं.

माझ्यावर जे झालं ते सांगतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बेलापूरकडून वाशीकडे येत होतो, पाण्यावर निर्माल्य तरंगत होतं, हार, चुनरीचे तुकडे, थर्माकोल, आणि मधेच धार बंद. मशीन बंद केलं, टिल्ट करून वर घेतलं, बघतो तर जाळी एकदम स्वच्छ! परत चालू केलं, धार मस्त. जरा पुढे गेलो की परत बंद. तीनदा असं झालं तेव्हा चुलतभावाला मागे ओणवं बसवलं आणि मशीन चालू असतानाच, हात न घालता, फक्त बघायला सांगितलं. एक पातळ पारदर्शक पिशवी जाळीवर कातडीसारखी चिकटली होती, इतकी घट्ट की जाळीच्या चिरा तिच्यावर उमटलेल्या दिसत होत्या. मशीन बंद केलं की ओढ संपायची, पिशवी सुटून मशीनच्या पायाच्या (पाण्यात उतरलेल्या खालच्या भागाच्या) मागे लोंबकळायची, आणि चालू केलं की परत जाऊन बसायची. त्यामुळे वर घेऊन जाळी साफ दिसली म्हणून काही नव्हतंच असं समजू नका, पंख्याच्या मागे आणि पायाच्या दुसऱ्या बाजूला पण बघा.

धार गेली की करायचं काय: लगेच न्यूट्रल, आजूबाजूला मोकळं पाणी असेल तर एक-दोन सेकंद हळू रिव्हर्स द्या, पुष्कळदा पिशवी उलट्या पाण्याने उडते. नाही सुटली तर मशीन बंद, किल-कॉर्डची (ओढली की मशीन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप काढून खिशात टाका, मगच टिल्ट करा आणि हात घाला. क्लिप काढल्याशिवाय पंख्याजवळ हात नाही, कितीही घाई असू दे. जाळी साफ आहे तरी धार नाही, तर कधी कधी ते मागचं भोकच गाळाने बुजलेलं असतं, त्यात तंगूसचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) जाडसर तुकडा घालून फिरवा, लोखंडी तार नको, आतलं प्लास्टिक चिरतं. तरी धार आली नाही तर इंजिन थंड होऊ द्या, वल्हवत नाहीतर दुसऱ्या होडीला दोर देऊन परत या. लाज वाटायचं काही कारण नाही.

जलपर्णीचा त्रास वेगळा. पावसात उल्हास नदीला पूर आला की कल्याणकडून तिचे गठ्ठेच्या गठ्ठे वाहत येतात, कोलशेत, घोडबंदर पट्ट्यात होडी चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. पानं जाळीवर अडतात ते बरं, पण मुळं काळसर केसांसारखी असतात, ती तुटून चिरांतून आत जातात आणि गाळाबरोबर पंपात साचतात. गठ्ठा दिसला तर वेगात फोडून जायचं नाही, वळसा घाला. वळसा शक्यच नसेल तर मशीन वर घ्या आणि बांबूने रेटत पलीकडे जा. पुढे नाळीवर (होडीच्या टोकावर) एक माणूस बसवलात तर अर्धं काम तिथेच होतं, संध्याकाळच्या वेळी तर पाहिजेच.

आणि गाळ. खाडी उथळ आहे, सुकतीला पाणी उतरलं की पंखा चिखल घुसळतो आणि तोच चिखल इम्पेलर ओढतो, पाकळ्या घासून जातात. शक्यतो अर्ध्या भरतीपासून अर्ध्या ओहोटीपर्यंतच उथळ भागात जा. उथळात मशीन थोडं वर घेतलंत तर चालतं, पण जाळी पाण्याखालीच राहिली पाहिजे, ती उघडी पडली की पंप हवा ओढतो आणि कोरडा फिरलेला रबर काही सेकंदांतच भाजतो.

काही जण जाळीवर आणखी बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी बांधतात. नका करू. पाणी कमी जातं, आणि तीच जाळी आधी चोंदते.

घरी आल्यावर गोडं पाणी फिरवणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. जाळीवर दोन्ही बाजूंनी बसणारे रबरी मफ्स मिळतात, त्यांना होज जोडा, आधी नळ सोडा, मग मशीन न्यूट्रलमध्ये आयडलवर दहा मिनिटं. क्रम उलटा करू नका. मफ्स नसतील तर आपल्याकडे करतात तसं अर्धा कापलेला ड्रम वापरा, फक्त पंखा काढून ठेवा आणि पाणी जाळीच्या बरंच वर असू द्या. काही मशीनला होजसाठी वेगळं पोर्ट असतं, त्यात बऱ्याचदा मशीन बंद ठेवूनच पाणी सोडायचं असतं, मॅन्युअल बघून घ्या. झालं की मशीन थोडा वेळ उभंच ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळेल. होडी पाण्यातच राहणार असेल तर निथळल्यावर पाय वर घेऊन ठेवा, पाण्यात राहिला तर जाळीच्या आत कालवं धरतात.

इनबोर्डवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचं इंजिन होडीच्या आत आहे त्यांच्यासाठी, थोडक्यात. तुमच्याकडे सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) आणि स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी) असतो, रोज निघायच्या आधी सी-कॉक बंद करा, स्ट्रेनरचं झाकण उघडा, आतली टोपली धुवा, झाकणाचं रबर तपासा, परत लावा, आणि सी-कॉक उघडा. हे शेवटचं विसरलं की इम्पेलर गेलाच. आमच्या ओळखीचा एक नाखवा इंजिनाची चावी सी-कॉकच्या दांडीलाच अडकवून ठेवतो, चावी घ्यायला खाली वाकलं की आठवतंच.

इम्पेलर वर्षातून एकदा किंवा शंभर तासांनी उघडून बघा, पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते तेव्हा निवांत होतं. पाकळ्या वाकलेल्याच राहिल्या असतील, कडा चिरल्या असतील तर बदला. एखादी पाकळी तुटलेली दिसली तर नवीन लावून मोकळं होऊ नका, तुटलेला तुकडा शोधा, तो पुढे जाऊन पाण्याच्या वाटेत नाहीतर इनबोर्डच्या हीट एक्सचेंजरच्या (कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत अडकतो आणि नवीन इम्पेलर असूनही इंजिन गरम होत राहतं. बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस नको, रबर फुगतं, आणि शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत खाली ढकला.

हे करताना पंखाही काढा. शाफ्टला गुंडाळलेली नायलॉन जाळी तिथे लपून बसते आणि ऑइल सील कापते. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. आणि जाळीतून, पंख्यातून जे निघेल ते परत पाण्यात टाकू नका, होडीत एक जुनी गोणी ठेवा आणि जेट्टीवर आल्यावर कचऱ्याच्या डब्यात रिकामी करा. ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं, आणि तीच पिशवी उद्या पुढच्या होडीच्या जाळीवर जाऊन बसते.