कॅडसाठी कॉम्प्युटर घेताना पैसे कुठे घालावेत

आयटीआयचा ड्राफ्ट्समन कोर्स किंवा डिप्लोमा संपत आला की स्वतःचं मशीन घ्यायची वेळ येते. दुकानात ‘डिझाइनचं काम आहे’ एवढंच सांगितलं, तर बहुतेक वेळा गेमिंगचं मशीन पुढे येतं: मोठं ग्राफिक्स कार्ड, त्यामानाने साधा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमची एकच पट्टी. कॅडला, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आणि मॉडेल काढण्याच्या कामाला, हा हिशोब उलटा पडतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी काम कोणतं ते नक्की करा. टूडी ड्रॉइंग, पार्ट आणि असेंब्ली (पार्ट जोडून केलेलं थ्रीडी मॉडेल), की रेंडरिंग (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं)? या तिन्ही कामांत मशीन वेगवेगळ्या जागी अडतं.

सर्वात जास्त विचार प्रोसेसरचा करा. सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पार्ट बनवताना आधी स्केच, मग एक्स्ट्रूड (स्केचला जाडी देणं), मग त्याच्या कडेला फिलेट (कड गोल करणं), अशी साखळी असते. एक्स्ट्रूडचं गणित झाल्याशिवाय फिलेटचं सुरूच होऊ शकत नाही, म्हणून रीबिल्डचा, म्हणजे पार्ट पुन्हा घडवण्याचा, बराचसा भार प्रोसेसरमधल्या एकाच कोअरवर (गणित करणाऱ्या एका भागावर) पडतो. ऑटोकॅडचंही बरंचसं काम असंच चालतं. स्क्रीनवर गोल फिरतोय, टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू जेमतेम ६-७ टक्के. हे पाहून ‘प्रोसेसर तर रिकामा आहे, ग्राफिक्स कार्डच बदलू’ असं वाटतं. प्रत्यक्षात १६ थ्रेडच्या (एका वेळी १६ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण राबत असला, तरी एकूण आकडा सव्वासहा टक्क्यांच्या आसपासच दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं करा, म्हणजे खरा भार कळेल. तेव्हा कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग किती, हे आधी विचारा. ऑटोडेस्कची ऑटोकॅडसाठीची शिफारस बेस ३ आणि टर्बो ४ गिगाहर्ट्झच्या वर अशी आहे. इंटेलचा लॅपटॉप घेत असाल तर प्रोसेसरच्या नावाशेवटचं अक्षर वाचा. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा. या कामाला ‘एच’ बरा. रेंडरिंग आणि स्ट्रेस ॲनालिसिस मात्र काम वाटून घेतात, तिथे जास्त कोअरचे पैसे वसूल होतात.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, आणि शक्य तिथे ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. एकच पट्टी असली की मेमरी एकाच चॅनलवर चालते, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम असेल तर फरक लगेच जाणवतो. शेकडो पार्टची असेंब्ली किंवा रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमधलं मोठं मॉडेल असेल तर ३२ जीबी. रॅम संपली की विंडोज डिस्कचा आधार घेतं आणि माउससुद्धा अडखळायला लागतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. हे बिल करायच्या आधी विचारा.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात. निव्वळ टूडीला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. थ्रीडीसाठी ४ ते ८ जीबीचं कार्ड नवशिक्याला भरपूर झालं. सॉलिडवर्क्स स्वतः तपासलेल्या कार्डांची यादी देतं, त्यात मुख्यतः व्यावसायिक कार्डं असतात. गेमिंग कार्डावर शिकायला अडचण येत नाही, पण रिअलव्ह्यूसारखी (मॉडेल खऱ्या वस्तूसारखं दाखवणारी) सोय बंद दिसू शकते. नवं कार्ड बसवूनही फरक पडला नाही, तर आधी मागची केबल बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर कार्ड बहुधा नुसतं बसून राहतं. ती कार्डाच्याच पोर्टला हवी. लॅपटॉपवर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा आणि काम चार्जर लावूनच करा.

मॅकबुकचा मोह असेल तर लक्षात घ्या, ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिटची नाही.

डिस्क एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, ५०० जीबी, आणि सी ड्राइव्हवर कायम मोकळी जागा ठेवा. ऑटोकॅडची ऑटोसेव्हची फाइल मुळात टेम्प फोल्डरमध्ये जाते. तिच्या नावाशेवटी ‘एसव्ही’ आणि डॉलरचं चिन्ह असतं. वीज गेल्यावर मशीन सुरू करून ‘सफाई’चं सॉफ्टवेअर चालवलं तर नेमकी तीच फाइल उडते. आधी ती दुसरीकडे कॉपी करा, एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगचं एक्स्टेन्शन) करा आणि उघडा.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. यूपीएसची क्षमता व्हीएमध्ये सांगतात. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉट देतो, त्यात मॉनिटरही धरा. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर वीज जाताक्षणी तोही बंद पडू शकतो, मग १००० व्हीएच्या पुढचा बघा.

माउस तीन बटणांचा, चाक सहज दाबलं जाणारा. पॅन करायला, म्हणजे ड्रॉइंग सरकवायला, चाक दिवसभर दाबावं लागतं, टचपॅडवर ड्राफ्टिंग होत नाही. कीबोर्डला उजवीकडचं नंबरपॅड असू द्या. मापं टाकण्याचा वेग तिथूनच येतो. मॉनिटर २४ इंची, १९२०×१०८०, आयपीएस पॅनेलचा.

एवढं करूनही एखादं ड्रॉइंग रखडत असेल, तर दोष फाइलमध्ये शोधा. पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणं) आणि ऑडिट (फाइलमधल्या चुका तपासणं) चालवा. सर्व्हेच्या ड्रॉइंगमध्ये आणखी एक अडचण येते. यूटीएम या नकाशाच्या कोऑर्डिनेट पद्धतीत पुण्याच्या परिसराचं नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) सुमारे साडेवीस लाख मीटर असतं. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर हाच आकडा दोनशे कोटींच्या वर जातो. इतक्या लांबच्या कोऑर्डिनेटवर रेषा थरथरल्यासारख्या दिसतात आणि हॅच (आतला रेषांचा भराव) बिघडतो. इमारतीचं काम मूळबिंदूजवळ (०,० जवळ) वेगळ्या फाइलमध्ये करा आणि सरकवलेलं अंतर लिहून ठेवा.

प्लॉटर विकत घ्यायची गरज नाही, प्लॉटिंगच्या दुकानातून काम होतं. ए-१ कागद ५९४×८४१ मिलिमीटर, तो २४ इंची रोलवर निघतो. ए-० साठी ३६ इंची रोल लागतो. दुकानात पीडीएफ ‘फिट’ करून, म्हणजे कागदात बसेल अशी लहान-मोठी करून, छापली की १:१०० चं प्रमाण जातं आणि साइटवर स्केलपट्टीने घेतलेलं प्रत्येक माप चुकतं. ‘१०० टक्के’ किंवा ‘ॲक्च्युअल साइज’वरच छापायला सांगा. शीटच्या कोपऱ्यात कागदावर बरोबर १०० मिलिमीटर येईल अशी एक रेषा काढून ठेवा आणि छापून आल्यावर तिथेच पट्टी लावून बघा. ९७ भरली तर दुकानातून हलू नका, शीट पुन्हा काढून घ्या.