पेपर उघडल्यावर डोकं ब्लँक होतं? हे करून बघा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षभर खुर्ची झिजवली, सगळं पाठ, आणि पेपर उघडला की काहीच आठवत नाही. माझं दोनदा झालंय, दुसऱ्यांदा तर हॉल तिकीट तीनदा बघून पण सीट नंबरचा गोल चुकीचाच काळा केला.

मेंदूत गाबा नावाचं केमिकल असतं, त्याचं काम पेशींना गप बसवणं. गाबा आलं की पेशीचं दार उघडतं, क्लोराइड (मिठात असतो तो ऋण भाराचा कण) आत शिरतं, पेशी शांत. पण त्यासाठी आत क्लोराइड आधीच कमी पाहिजे, आणि ते बाहेर फेकणारा एक पंप असतो, केसीसी-टू. उंदरांना थोडाच वेळ ताण दिला तरी हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूच्या तळाच्या भागातल्या, स्ट्रेस हार्मोनची साखळी सुरू करणाऱ्या पेशींत हा पंप ढिला पडतो, मग दार उघडल्यावर क्लोराइड आत यायचं सोडून बाहेरच जायला लागतं. म्हणजे कात्रज घाट उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी अजून पळाली! माणसांत पण, २०१० च्या एका प्रयोगात नुसती शॉक बसायची भीती घातली तर कपाळामागच्या भागातलं गाबा सुमारे १८ टक्के घटलं.

म्हणून ब्लँक झालात की "आठव, आठव" करत डोक्याला ताणू नका, त्याने ताणच वाढतो. पेन खाली ठेवा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं मिनिटभर. सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी नस) हृदयाचे ठोके मंदावतात, हे बोटं मनगटावर ठेवलीत तर कळतं सुद्धा. मग पान उलटा आणि जो प्रश्न झोपेत पण येईल तो आधी सोडवा, पाचवा असो की साठावा.

सेंटरवर तासभर आधी पोचा. घाबरल्यावर कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोन साधारण २० ते ३० मिनिटांनी टोकाला जातं, त्यामुळे स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून धावतपळत ऐनवेळी आत शिरलात तर ते टोक बरोबर पेपर चालू असताना येणार.

आणि रूममेटची झोपेची गोळी घेऊन जाऊ नका बाबांनो, त्यातल्या बऱ्याचशा गाबाच्याच दारावर काम करतात, पण गुंगी येते आणि लक्षात राहायचं पण बोंबलतं.

दोन पेपरच्या मधे गेटवर उत्तरं जुळवणारा घोळका असतोच. तिकडे फिरकायचं नाही, लांबच्या टपरीवर जाऊन चहा घ्यायचा.