टर्बो बसवायचा की इंजिनच बदलायचं?

गाडीची ताकद वाढवायचे दोन मार्ग: टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप, किंवा दुसरं इंजिन. टर्बो निवडायच्या आधी आहे ते इंजिन तपासा. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, म्हणजे त्यात किती दाब तयार होतो ते मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर त्या इंजिनावर टर्बो चढवू नका. झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेला, दाब इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. असं इंजिन तसंही खोलावं लागणार, तेव्हा बदलायचा विचार तिथूनच सुरू करा.

दुसरा आकडा कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे पिस्टन हवा किती पटीने दाबतो त्याचा. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मधल्या १.६ लिटर इंजिनाचा रेशो ९.४ आहे, होंडाच्या के२०ए२ चा ११. साध्या पेट्रोलवर, चांगल्या इंटरकूलरसह (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा रेडिएटर), पहिल्यासारख्या इंजिनाला ०.३ ते ०.५ बार बूस्ट सहसा झेपतो. ११ च्या आसपास तेवढाही फार जपून द्यावा लागतो, कारण नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) लवकर सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधला पातळ कठडा तुटतो.

०.४ बार म्हणजे कागदावर ४० टक्के जास्त हवा. पण दाबलेली हवा तापते, इग्निशन मागे घ्यावं (ठिणगी उशिरा द्यावी) लागतं, आणि हातात साधारण २५ ते ३० टक्के ताकद पडते. निर्णय याच आकड्यावर घ्या. एवढी वाढ पुरत असेल तर टर्बो. दुप्पट ताकद हवी असेल, तर फोर्ज्ड पिस्टन, रॉड, क्लच, कदाचित गिअरबॉक्सही बदलावा लागेल. त्यापेक्षा कारखान्यातूनच टर्बोसकट आलेलं इंजिन बसवणं शहाणपणाचं.

टर्बो बसवताना

इंजिन फुटतं त्याचं कारण बहुतेक वेळा टर्बो नसतो. बूस्टमध्ये इंधन कमी पडणं आणि इग्निशन पुढे राहणं, ही दोन कारणं असतात. म्हणून हिशेब पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपासून मांडा. बूस्टवर दर अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे ६.३ सीसी पेट्रोल धरा. १०० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन १३० वर न्यायचं तर ८१९ सीसी, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला २०५. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २०५ भागिले ०.८, म्हणजे २५६. यात २७० ते ३०० सीसीचा इंजेक्टर बसतो. पंपही त्या दाबाला तेवढं पेट्रोल देतो का, ते मोजून बघा.

मूळ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्यापुढचा बूस्ट इसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) दिसतच नाही, त्यामुळे २ बार (वातावरणाचा १ बार धरून) किंवा त्याहून मोठा सेन्सर आणि ट्यून करता येणारा इसीयू लागतोच. एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरशिवाय गाडी बूस्टवर नेऊ नका. पूर्ण भारावर हवा-इंधनाचं प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान हवं. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या आणि गॅप ०.७ मिमीच्या आसपास ठेवा, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. इग्निशन दर ०.०७ बारमागे १ अंश मागे घेऊन सुरुवात करा, पुढचं काम डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). पीसीव्हीच्या नळीत (ऑइल चेंबरमधली वाफ इंजिनात परत नेणारी) एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह घालायला विसरू नका.

ऑइलच्या परतीच्या नळीकडे मात्र नीट लक्ष द्या. ऑइल टर्बोत दाबाने शिरतं, पण बाहेर पडताना निव्वळ उतारावर वाहतं, तेही फेसाळलेलं. नळीचा आतला व्यास किमान १३ मिमी ठेवा, १६ असेल तर उत्तम. ती सरळ खाली उतरू द्या, मध्ये कुठेही पोट पडू देऊ नका आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडा. इथे चूक झाली की निळा धूर येतो. मग टर्बोचं सील गेलं समजून टर्बो बदलला जातो आणि धूर तसाच राहतो.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन पंपाचा फ्यूज काढा आणि परतीच्या नळीतून ऑइल येताना दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. पहिलं ट्यूनिंग बूस्ट कंट्रोलर न लावता, नुसत्या वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर करा.

इंजिन बदलताना

त्याच मॉडेलचं, त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन मिळालं तर अर्धं काम वाचतं. बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या कवचाचे) बोल्ट बहुधा जुळतात, माउंटिंगही पुष्कळदा तेच चालतं. इंजिन सुटं घेण्यापेक्षा अपघातात गेलेली अख्खी गाडी घ्या. इसीयू, इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), चावी, वायरिंग हार्नेस, पेडल, रेडिएटर, इंटरकूलरचे पाइप हे सगळं एकमेकांशी जुळणारं मिळतं. सुटे भाग गोळा करण्यात महिने जातात.

वेगळ्या घराण्याचं इंजिन असेल, तर आधी रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जोडून चेन-कप्पीने खाली सोडून बघा. ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या तुळईला), पुली चॅसीला, मॅनिफोल्ड स्टिअरिंग रॅकला लागतो का ते तपासा. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून सगळीकडे किमान १५ मिमी मोकळी जागा ठेवा. जुन्या होंडा सिव्हिकमधल्या बी-सिरीजचा एक्झॉस्ट पुढच्या बाजूला असतो, के-सिरीजचा फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे). त्यामुळे तिथे के-सिरीज बसवताना रॅक आणि ब्रेकच्या नळ्यांना उष्णतारोधक पत्रा लावावा लागतो. ड्राइव्हशाफ्टची लांबी आणि कोनही याच टप्प्यावर मोजा.

सर्वांत जास्त वेळ वायरिंग खातं. मीटर, एबीएस आणि इसीयू एकाच कॅन जाळ्यावर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या) बोलत असतील, तर एका संदेशाअभावी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. पुढच्या एक्सलवरचं वजन वाढलं असेल तर स्प्रिंग आणि ब्रेकही त्या हिशेबाने बदला.

नोंदणीपत्रावर इंजिनाचा क्रमांक असेल, तर नव्या इंजिनासाठी नोंदणी कार्यालयाची परवानगी आणि प्रदूषणाचे नियम इंजिन खरेदी करण्याआधीच विचारून घ्या. गाडी चालू झाल्यावर कूलिंगमधली हवा काढा, दोन-तीन वेळा पूर्ण गरम करून थंड होऊ द्या, आणि मग माउंटिंगचे व मॅनिफोल्डचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.