दाराचा स्विच बदलताना वायर आत जाऊ देऊ नका

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं दार उघडल्यावर आतला दिवा लागत नसेल, तर आधी बल्ब पाहा. तो ठीक असेल तर दाराच्या चौकटीतला छोटा दट्ट्याचा स्विच तपासा. बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टर्मिनल काढून मगच हात घाला.

स्विच बाहेर ओढला की मागच्या वायरला लगेच दोरा बांधा. ती चौकटीच्या खांबात सरकली तर शोधायला अख्खी दुपार जाते!

अशा स्विचला बहुधा एकच वायर असते. अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळते ती बॉडीतून. म्हणून भोकाभोवतीचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. कित्येकदा जुना स्विच चांगलाच असतो, गंजच आड येतो. नवा बसवताना दट्ट्याची लांबी जुन्याशी ताडून पाहा. लांब असला तर दार नीट लागत नाही.