साठीतला 'ठ' आणि इतर फसव्या युक्त्या : या चुका टाळा

फोंड्यातल्या आमच्या घराच्या सोप्यावर गेली २२ वर्षे मी मराठीची शिकवणी घेते. एवढ्या काळात मुलांच्या वह्यांच्या समासात लिहिलेल्या आठवणीच्या युक्त्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की कोणती युक्ती पेपरात दगा देणार हे मला ती वाचतानाच कळते. युक्त्यांशी माझे वैर नाही. इंद्रधनुष्याचे रंग सांगताना मीसुद्धा मनातल्या मनात 'तानापिहिनिपाजा' म्हणते. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री घाईघाईने जुळवलेली युक्ती ही पुष्कळदा एक नवी चूकच असते, आणि तिला यमक असल्यामुळे ती जन्मभर पाठ राहते.

सर्वांत महाग पडलेली चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

कारण असताना यमक शोधणे

आमच्या थोरल्या भावजींची साठीशांत होती. घरात मराठीची टीचर असल्यामुळे निमंत्रणपत्रिकेचा मजकूर तपासण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मजकूर मी हाताने लिहून दिला होता आणि माझे अक्षर काही मोत्यासारखे नाही, त्यामुळे छापखान्यातून फोन आला : "टीचर, मथळ्यातल्या जोडाक्षरात ट घ्यायचा की ठ?" मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता सांगून टाकले, "ठ घ्या. साठमध्ये ठ आहे, मग इथेही ठच." ही माझी जुनी युक्ती होती आणि ती मी कित्येक मुलांना मोठ्या विश्वासाने दिलेली होती. 'षष्ठ्यब्दपूर्ती' असे सोनेरी अक्षरांत छापलेल्या २०० पत्रिका आल्या आणि वाटून झाल्या. समारंभाच्या दिवशी होमाची तयारी करणाऱ्या भटजींनी एक पत्रिका चष्म्याजवळ धरली आणि अगदी नम्रपणे विचारले, "वहिनी, यजमानांना साठ वर्षे पूर्ण झाली की सहा?" मंडपातली मंडळी हसली, भावजीही हसले, मी मात्र पंचामृताच्या वाटीत बघत उभी राहिले.

भटजींचे म्हणणे सोळा आणे खरे होते. संस्कृतात साठ म्हणजे 'षष्टि' आणि सहावा म्हणजे 'षष्ठ'. सप्तति, अशीति, नवति या शब्दांच्या शेवटी जो 'ति' आहे, तोच साठीच्या शब्दातही आहे. त्याच्या आधी ष आल्यामुळे त्याचा 'टि' झाला, एवढेच. उलट चतुर्थ या क्रमवाचक शब्दात जो 'थ' दिसतो, त्याचा ष नंतर 'ठ' होतो आणि षष्ठ हा शब्द तयार होतो. मराठी साठमधला ठ हा प्राकृतातून वाट काढत आलेला आहे : मुष्टीची जशी मूठ झाली, तशी षष्टीची साठ झाली. मराठीतल्या ठवरून संस्कृतातला ठ ओळखायला जाणे हीच माझ्या युक्तीतली खोट होती. तेव्हापासून मी मुलांना 'मूठ-मुष्टी, साठ-षष्टी' एवढेच म्हणायला लावते. हीसुद्धा युक्तीच आहे, पण तिच्या पोटात कारण आहे, आणि ज्या युक्तीच्या पोटात कारण असते ती शेजारच्या शब्दावरही चालते.

शेजारच्या शब्दावर चालते का, हीच माझी कसोटी आहे. एका मुलाने 'महत्त्व' या शब्दासाठी लिहून ठेवले होते : 'महत्त्वाची गोष्ट मोठी, म्हणून त दोनदा.' वाचायला गोड आहे. त्याने महत्त्व अचूक लिहिले, आणि पुढच्याच ओळीत 'नेतृत्त्व' आणि 'अस्तित्त्व' लिहिले, कारण नेतृत्व आणि अस्तित्व याही त्याला मोठ्याच गोष्टी वाटल्या. वास्तविक शब्द सोडवून पाहिला असता तर युक्तीची गरजच नव्हती. महत्, तत्, सत्, व्यक्तिमत् यांच्या शेवटी आधीच एक त् आहे, त्यात 'त्व' मिळाला की दोन होतात. नेतृ, कवि, अस्ति यांच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे एकच. परीक्षा या शब्दाचेही तेच. 'परि' ऱ्हस्व असतो हे परिणाम आणि परिश्रम यांवरून पाठ केलेली मुले 'परिक्षा' लिहितात, आणि मग शिक्षक त्यांना 'परीक्षा मोठी, म्हणून री मोठी' असे सांगतात. त्याऐवजी 'ईक्षा' म्हणजे पाहणे हा एक शब्द दिला, तर परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा आणि निरीक्षण हे चारही शब्द एका हेलपाट्यात घरी येतात. लक्षावधी पाहून 'कोट्यावधी' लिहिणाऱ्यांनी मूळ शब्द 'लक्ष' आणि 'कोटि' आहेत, एवढे पाहिले तरी पुरे. कोटीतल्या इकाराचा य होतो आणि कोट्यवधी हेच रूप उरते.

हे सारे समजावून सांगायला वर्गात अर्धा तास जातो, हे मला मान्य आहे. "टीचर, शॉर्टकट सांगा ना," असे म्हणणाऱ्या मुलांना तो अर्धा तास फुकट गेल्यासारखा वाटतो. तीच मुले पुढच्या वर्षी तीच चूक घेऊन पुन्हा सोप्यावर बसलेली असतात.

काना-मात्रा गाळणे

तानापिहिनिपाजा ही युक्ती इतकी वर्षे का टिकली, याचा विचार फारसे कोणी करत नाही. सात रंगांत नारिंगी आणि निळा हे दोन न आहेत, पिवळा आणि पारवा हे दोन प आहेत. युक्ती करणाऱ्याने नुसते 'न' आणि 'प' घेतले असते, तर सगळा घोळ झाला असता. त्याने 'ना' आणि 'नि', 'पि' आणि 'पा' असे स्वरासकट अक्षर उचलले, आणि म्हणून प्रत्येक अक्षर एकाच रंगाकडे बोट दाखवते. ही कारागिरी आहे. आमची मुले मात्र पहिली व्यंजने काढून शब्द बनवतात आणि पेपरात त्या शब्दाकडे बघत बसतात.

गोव्याच्या १२ तालुक्यांचेच पाहा. सत्तरी, सासष्टी आणि सांगे हे तीन स आहेत. केपे आणि काणकोण हे दोन क आहेत. एका मुलीने १२ व्यंजनांचा एक भलामोठा शब्द तयार केला होता, आणि तो तिला उत्तम पाठ होता. चाचणीत तिने सासष्टी दोनदा लिहिला, सांगे गाळला, आणि संख्या १२ भरल्यामुळे निश्चिंतपणे वही मिटली. मी तिच्यासोबत बसून नवे वाक्य जुळवले, स्वरांसकट आणि अनुस्वारासकट : 'पेढे, बासुंदी, डिंकलाडू सगळे तिला, फोडणी धाकटीला, मुलाने साखर सांडली, केळी कापली.' पेडणे, बार्देस, डिचोली, सत्तरी, तिसवाडी. मग फोंडा, धारबांदोडा. मग मुरगाव, सासष्टी, सांगे, केपे, काणकोण. वाक्य फार शहाणपणाचे नाही, पण साखरेला अनुस्वार नाही आणि सांडण्याला आहे, यावर सासष्टी आणि सांगे वेगळे होतात. पुढच्या आठवड्यात तिने 'मुलाने साखर सारली' असे म्हटले आणि सांगे पुन्हा हरवला! युक्तीतला एक शब्द बदलला तरी युक्ती मेली, हे मुलांना पटवणे सर्वांत कठीण आहे.

माझी सवय अशी आहे की युक्ती जुळली की ती कागदावर लिहायची, मूळ यादी झाकायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युक्तीवरून यादी परत काढून दाखवायची. यादीवरून युक्ती कोणालाही करता येते. शिवाय आकडा मोजायचा. धारबांदोडा वेगळा तालुका झाल्यानंतरही ११ तालुक्यांच्या जुन्या युक्त्या थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे येत राहिल्या, आणि त्या बिचाऱ्यांना आपले काय चुकले तेच कळेना. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे : तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, सासष्टी म्हणजे सहासष्ट गावे, बार्देस म्हणजे बारा देश, अशी या नावांची परंपरेने फोड केली जाते. जुन्या लोकांनी संख्या लक्षात ठेवण्यासाठी वेगळी युक्ती केलीच नाही, ती नावातच ठेवून दिली.

टोक विसरणे

यादी पाठ असते, पण ती कोणत्या टोकापासून लावायची हे ठाऊक नसते. तानापिहिनिपाजा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला इंद्रधनुष्य काढायला सांगितले की तो तांबडा आत काढतो. नेहमीच्या इंद्रधनुष्यात तांबडा बाहेरच्या कडेला आणि जांभळा आत असतो. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजणारे जुलैला शेवटच्या उंचवट्यावर पोहोचतात आणि परत फिरताना ऑगस्टला खळग्यात टाकून त्याचा एक दिवस खातात. तोच उंचवटा पुन्हा मोजायचा असतो. अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या कटपयादी पद्धतीत ते आकडे सामान्यतः उजवीकडून वाचतात, म्हणून कर्नाटक संगीतातल्या मेचकल्याणी या रागाच्या नावात मे म्हणजे ५ आणि च म्हणजे ६ असूनही मेळकर्त्याचा, म्हणजे मूळ रागाचा, क्रमांक ५६ होत नाही, ६५ होतो. युक्तीसोबत तिची दिशाही लिहून ठेवावी. मी समासात एक छोटा बाण काढते.

वृत्तातले लघू-गुरू लक्षात ठेवण्याचे 'यमाताराजभानसलगं' पाठ असून गण पाडता न येणारे तर घाऊक भावात सापडतात. ज्या गणाचे नाव, त्या अक्षरापासून तीन अक्षरे उचलायची, एवढेच करायचे असते : त गण म्हणजे 'ताराज', गुरू-गुरू-लघू.

काही चुकांना एक ओळ पुरे. युक्ती मूळ गोष्टीपेक्षा लांब असू नये. दुसऱ्याची युक्ती उसनी घेतली, तर एकदा तरी स्वतःच्या हाताने ती सोडवून पाहावी. इंग्रजीच्या नेसेसरी या शब्दासाठी 'एक कॉलर, दोन सॉक्स' ही युक्ती चांगली आहे, कारण तिथे सी एक आणि एस दोन का, हे आपल्याला एरवी उमगत नाही. अशा जागी यमक, चित्र, वेडेपणा, काहीही चालेल. 'आणि' हा शब्द मराठीत ऱ्हस्व आहे. कोकणीच्या तासाला 'आनी' लिहून आलेल्या आमच्या मुलांनी फळ्यावर तो निदान शंभरदा पाहावा, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आणि युक्ती ज्या लिपीत केली आहे त्याच लिपीत वापरावी. गोवा मुक्तीचे वर्ष शिकवताना मी इंग्रजी आकड्यांत लिहिलेली पाटी उलटी करून दाखवते : एकोणीसशे एकसष्ट हे वर्ष डोक्यावर उभे केले तरी तेच राहते, त्यामुळे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाशी त्याची गल्लत होत नाही. हे ऐकून एका उत्साही मुलाने घरी जाऊन वहीत देवनागरीत १९६१ लिहिले, वही फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन मला सांगितले, "टीचर, तुमची युक्ती बिघडली." मी त्याला इंग्रजी आकडे लिहायला लावले. त्याने वही दोनदा फिरवून पाहिली, मग १६ जानेवारी १९६७ ही तारीखही लिहून तशीच फिरवली, आणि ती फिरत नाही याची खात्री झाल्यावरच तो आपल्या जागेवर जाऊन बसला.