टॅलीत बँक जुळवणी: फरक मिटवू नका, हुडका

आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरात, शिरोलीला किंवा लक्ष्मीपुरीतल्या पेढ्यांवर बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट ताडून जुळवणं, सगळे ज्याला बीआरएस म्हणतात ते, होतं कधी तर सीएच्या ऑफिसातनं फोन आला की. मग ऑगस्टात-सप्टेंबरात बारा महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन बसायचं, फरक निघतो, तो काही केल्या सापडत नाही, आणि शेवटी सस्पेन्स खात्यावर (कशाचे ते कळत नाही अशा रकमा टाकायचं खातं) एक जर्नल एंट्री मारून विषय संपवायचा. ती सस्पेन्सची एंट्री मारायची नाही एवढंच खरं तर मला सांगायचंय, खालचं सगळं ती मारायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं त्याबद्दल आहे. मी टॅलीप्राईम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, बिझी नाहीतर झोहो बुक्स वापरत असाल तर बटणं वेगळी असतील पण हिशोब तोच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्या वहीत बँकेत पैसे आले की बँक खातं नावे (डेबिट) होतं, आणि बँकेच्या स्टेटमेंटवर तेच पैसे जमा (क्रेडिट) दिसतात, कारण स्टेटमेंट ही बँकेची वही आहे आणि बँक आपलं देणं लागते. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिले काही दिवस इथंच गोंधळतं, स्टेटमेंटचं डेबिट बघून टॅलीत डेबिटच टाकतं. अशी उलटी एंट्री पडली की फरक रकमेच्या दुप्पट येतो, हे पुढं उपयोगी पडणार आहे.

सेटअपला सुरुवात बँकेच्या लेजरपासनं, म्हणजे टॅलीतल्या बँकेच्या खात्यापासनं. लेजर बँक अकाउंट्स ग्रुपखाली पाहिजे, आणि सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओडी (ओव्हरड्राफ्ट) खातं असेल तर बँक ओडी ग्रुपखाली, चालू देण्यात किंवा कर्जात टाकलं तर बँकिंगच्या मेनूत ते येणारच नाही आणि मग लोक म्हणतात टॅलीत दिसत नाही. खातं नंबर, आयएफएससी, शाखा भरून ठेवा. आणि त्यातच एक रकाना असतो, इफेक्टिव्ह डेट फॉर रिकन्सिलिएशन (दिसत नसेल तर एफ१२ मध्ये चालू करा). बहुतेक जण एंटर मारून पुढं जातात आणि सगळी रड तिथनंच सुरू होते. या तारखेच्या आधीचं सगळं जुळलेलं आहे असं टॅली धरून चालतं, म्हणून जुळवणी नव्यानं सुरू करणार असाल तर इथं १ एप्रिल टाका, मधलीच कुठली तरी तारीख टाकू नका.

आता ओपनिंग. समजा एका फाउंड्रीवाल्याच्या वहीप्रमाणं ३१ मार्चला बँक शिल्लक ४,८६,२५० रुपये आहे. त्यानं पॅटर्नवाल्याला (ओतकामाचे साचे बनवणाऱ्याला) ६२,००० चा चेक दिलाय तो अजून वटलेला नाही, आणि एका गिऱ्हाइकाचा ३८,५०० चा चेक भरलाय तो अजून खात्यावर जमा झालेला नाही. मग बँकेचं स्टेटमेंट काय दाखवणार? ४,८६,२५० मध्ये ६२,००० मिळवा कारण ते बँकेतनं गेलेलेच नाहीत, त्यातनं ३८,५०० वजा करा कारण ते आलेलेच नाहीत, उत्तर ५,०९,७५०. स्टेटमेंटवर ३१ मार्चला बरोबर हाच आकडा असेल तर तुमची सुरुवात शुद्ध आहे. लेजरला ओपनिंग बॅलन्स म्हणून वहीचे ४,८६,२५० च टाकायचे, बँकेचे ५,०९,७५० टाकायचे नाहीत (हे करणारे मी बघितलेत, आणि मग तो पॅटर्नवाल्याचा चेक एप्रिलात वटला की परत एंट्री करतात), आणि हे दोन चेक बँक रिकन्सिलिएशनच्या स्क्रीनवर ओपनिंग बीआरएस नावाचं बटण असतं त्यात एकेक करून नोंदवायचे. व्हर्जनप्रमाणं बटणाची जागा बदलते पण नाव तेच. ओपनिंग जुळत नसेल तर पुढं जाऊच नका, मागच्या वर्षाच्या मार्चात जा आणि तिथं हुडका, कारण इथला फरक वर्षभर तसाच मागं मागं येणार आणि दर महिन्याला तुम्ही तो नव्यानं शोधत बसणार.

एंट्री करताना पेमेंट किंवा रिसिटमध्ये बँकेचं नाव टाकलं की बँक अलोकेशनची छोटी खिडकी उघडते. तिथं चेक आहे का ऑनलाईन ट्रान्सफर, चेक नंबर, चेकवरची तारीख, एनईएफटी-आरटीजीएस असेल तर यूटीआर (त्या व्यवहाराचा बँकेनं दिलेला) नंबर, हे भरायचं. कंटाळा येतो, मान्य, पण महिन्यात पन्नास हजाराच्या तीन रकमा तीन पार्ट्यांना गेल्या असतील तर जुळवताना हाताशी दुसरं काही नसतं, नंबरच असतो.

मग नेहमीची जुळवणी. गेटवे ऑफ टॅलीतनं बँकिंग, त्यात बँक रिकन्सिलिएशन, बँक निवडा, ऑल्ट एफ२ नं पिरियड टाका. न जुळलेल्या सगळ्या एंट्र्या समोर येतात आणि प्रत्येकीपुढं बँक डेट हा रकाना मोकळा असतो. स्टेटमेंट बाजूला ठेवून, ज्या दिवशी बँकेत ती रक्कम पडली ती तारीख तिथं टाकायची आणि कंट्रोल ए नं सेव्ह करायचं. एवढंच काम आहे. पण तारीख स्टेटमेंटवरचीच पाहिजे, अंदाजानं नाही, आणि व्हाउचरची तारीख खाली ओढत ओढत सगळ्यांना देऊन टाकायची तर अजिबात नाही, त्यानं स्क्रीन स्वच्छ दिसते पण जुळणी झालेली नसते. खाली तीन आकडे असतात: वहीप्रमाणं शिल्लक, बँकेत न दिसलेल्या रकमा आणि बँकेप्रमाणं शिल्लक. तिसरा आकडा स्टेटमेंटच्या शेवटच्या शिलकीशी पैशासकट जुळला की त्या तारखेपर्यंतचं काम झालं. पाच रुपयाचा फरक सोडून द्यायचा मोह होतो, सोडू नका, पाच रुपयाच्या मागं कधी कधी पन्नास हजाराच्या दोन उलटसुलट चुका लपलेल्या असतात.

हे आठवड्याला करा. महिन्याला केलं तरी चालेल म्हणतात, पण दुकान असेल, रोज भरणा असेल तर आठवडाच बरा, कारण सोमवारी काय भरलं ते शनिवारी आठवतं, पुढच्या महिन्यात कुणालाच आठवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गल्ल्यातली कॅश काँट्रा (रोख-बँक अदलाबदलीची एंट्री) टाकून बँकेत गेली असं दाखवायचं, आणि दुसरा किंवा चौथा शनिवार आला म्हणून खरा भरणा सोमवारी व्हायचा, हे तर ठरलेलं, म्हणजे वहीत शुक्रवार आणि बँकेत सोमवार.

स्टेटमेंट इम्पोर्ट करता येतं. नेट बँकिंगमधनं एक्सेल किंवा सीएसव्ही उतरवायचं, त्याआधी कंपनीचा बॅकअप घ्यायचा, आणि इम्पोर्ट केलं की रक्कम आणि नंबर जुळणाऱ्या एंट्र्या टॅली स्वतःच जोडून देतं. टॅलीप्राईम ६ पासनं तर हे बरंच सुधारलंय, स्टेटमेंटवर आहे आणि वहीत नाही अशी एंट्री तिथल्या तिथं करता येते. पण एक सावधगिरी पाहिजे. सारखी रक्कम दिसली म्हणून जोडलंय का खरंच तीच आहे हे नजरेखालनं घाला. आणि आपल्याकडं बऱ्याच जणांचं खातं लहान सहकारी बँकेत नाहीतर पतसंस्थेत असतं, तिथं अजून पासबुकच छापून मिळतं, त्यांना हातानंच तारखा टाकायला लागणार, त्याला इलाज नाही, पण एंट्र्याही कमी असतात.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो क्यूआर. राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडला दुकान असेल तर दिवसभरात साठ-सत्तर गिऱ्हाइकं स्कॅन करून पैसे देतात, आणि क्यूआर कुठल्या ॲपचा आहे त्यावर बँकेत ते एकेक करून पडतात किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच रक्कम. कार्डाच्या मशीनचंही तसंच, वर त्यात त्यांचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी कापून घेतात. आता बिलं हजार, बाराशे, साडेतीनशे अशी आणि बँकेत एकच २३,४१६, कशी जुळवणार? यासाठी मध्ये एक लेजर उघडा, नाव क्यूआर सेटलमेंट ठेवा, करंट ॲसेट्सखाली. गिऱ्हाइकानं स्कॅन केलं की पैसे या लेजरला आले असं दाखवा, आणि बँकेत एकत्र रक्कम पडली की बँक नावे, क्यूआर सेटलमेंट जमा अशी एक रिसिट. कमिशन कापलं असेल तर तेवढं खर्चाला नावे. मग बँकेची जुळवणी एकास एक होते आणि क्यूआरच्या लेजरला रात्री जी शिल्लक राहते ती उद्या येणारी रक्कम. तीन-चार दिवसांच्या वर काही उरलं तर सेटलमेंट कुठं तरी अडकलंय, ॲपचा रिपोर्ट काढून बघायचं.

आता फरक हुडकणं. आधी स्टेटमेंटवर आहे पण वहीत नाही अशा गोष्टी उचला: बँक चार्जेस, एसएमएसचे पैसे, व्याज, इन्शुरन्सचा आपोआप गेलेला हप्ता. चार्जेस २९५ दिसले तर त्यात २५० चार्ज आणि १८ टक्क्यानं ४५ जीएसटी आहे, तो वेगळा लिहा, बँकेला आपला जीएसटी नंबर दिलेला असेल तर तो जीएसटीआर-२बी (पोर्टलवरची आपल्या खरेदीवरच्या जीएसटीची यादी) मध्येही दिसतो. एफडीचं व्याज ९,००० जमा झालं म्हणून ९,००० लिहू नका, १० टक्के टीडीएस कापला असेल तर व्याज १०,००० आहे आणि १,००० टीडीएस येणे, नाहीतर २६एएसला (आयकर खात्याकडची आपल्या टीडीएसची यादी) ते उघडं पडतं.

तरी फरक राहिला तर त्या आकड्याकडं नीट बघा. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी एंट्री आहे का? असली तर ती उलट्या बाजूला पडलीय. फरकाला ९ नं पूर्ण भाग जातो का? मग कुठं तरी आकडे अदलाबदल झालेत, ४५,३०० च्या जागी ५४,३०० टाईप झालं की फरक बरोबर ९,००० येतो. फरकाएवढीच एंट्री वहीत दोनदा आहे का? हे तिन्ही नसेल तर पिरियड अर्धा करा, पंधरा तारखेला जुळतंय का बघा, जुळलं तर चूक पुढच्या पंधरवड्यात, मग तो अर्धा करा. बारा महिन्यांच्या ढिगाऱ्यातसुद्धा अशानं तासाभरात दिवस सापडतो, पहिल्या पानापासनं टिक मारत बसायची गरज नाही.

गिऱ्हाइकाचा चेक परत आला तर मूळ रिसिट डिलीट करायची नाही. चेक परत आल्याच्या तारखेला पार्टीच्या नावे पेमेंट टाकायचं, रिटर्नचे चार्जेस वेगळे, आणि दोन्ही एंट्र्यांना स्टेटमेंटप्रमाणं बँक डेट द्यायची. डिलीट केली तर स्टेटमेंटवर दोन ओळी आणि वहीत शून्य, शिवाय पार्टीच्या खात्यावर चेक बाऊन्स झाल्याचा मागमूसच राहत नाही. चेक बाऊन्सची कलम १३८ ची नोटीस, बँकेचा चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासनं ३० दिवसांत द्यायला लागते, तेव्हा हे आठवड्याच्या आठवड्याला दिसणं पैशाच्या दृष्टीनं पण कामाचं आहे.

उलट बाजूला, आपण दिलेले पण न वटलेले चेक. १ एप्रिल २०१२ पासनं चेक तारखेपासनं ३ महिनेच चालतो, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासनं क्लिअरिंग दिवसभर चालू असतं, सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटायला लागलाय. त्यामुळं यादीत आठवडाभर चेक पडून दिसला तर पार्टीला सरळ फोन लावा, अण्णा चेक भरला का अजून खिशातच हाय, निम्म्या वेळा खिशातच असतो. ३ महिने उलटले तर पार्टीशी बोलून तो रद्द करा, बँक नावे आणि पार्टी जमा अशी उलटी एंट्री टाका आणि जुन्या-नव्या दोन्ही एंट्र्यांना एकच बँक डेट द्या, म्हणजे दोन्ही यादीतनं निघून जातात आणि पार्टीचं देणं परत उभं राहतं. ते उत्पन्नात घेऊन मोकळं व्हायचं नाही, त्या माणसाचे पैसे आहेत ते.

सीसी खात्याला सगळं हेच, फक्त शिल्लक उलटी असते आणि महिनाअखेरला व्याज लागतं. ते व्याज त्याच तारखेला टाका, पुढच्या महिन्यात स्टेटमेंट आल्यावर पुढच्या तारखेला नको, नाहीतर मार्चचं व्याज एप्रिलात जातं आणि नफाच बदलतो.

मार्चअखेरला काय द्यायचं तर ३१ मार्चचा बीआरएस आणि त्या तारखेचं बँकेचं शिल्लक प्रमाणपत्र. ३ एप्रिलला वटलेल्या चेकला ३ एप्रिलच बँक डेट दिलेली असली की रिपोर्ट जूनमध्ये काढा नाहीतर सप्टेंबरात, ३१ मार्चला तो न वटलेल्यांतच दिसतो. प्रिंट काढून न जुळलेल्या प्रत्येक ओळीपुढं पेनानं लिहून ठेवा, कधी वटला, का अडकला. सीएकडची पोरं पुढच्या वर्षाच्या एप्रिलच्या स्टेटमेंटवर नेमक्या त्याच ओळी शोधतात.