अल्कोहोल ॲसिड की बेस? आणि बाकीच्या पदार्थांचं कसं ओळखायचं

अल्कोहोलच्या सूत्रात ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) दिसला की बरेच जण लगेच बेस म्हणून मोकळे होतात, सगळा घोळ इथेच होतो. सोडियम हायड्रॉक्साइडमधला ओएच पाण्यात गेला की आयन (विद्युतभार असलेला कण) होऊन सुटतो, पण इथेनॉलमधला (म्हणजे दारूतल्या अल्कोहोलमधला) कार्बनला घट्ट धरून बसलेला असतो, सुटतच नाही, मग बेस कसला होणार? म्हणून इथेनॉलने लाल लिटमसही (ॲसिड-बेस ओळखायचा रंग बदलणारा कागद) बदलत नाही आणि निळाही नाही, म्हणजे न्यूट्रल.

तपासताना लाल आणि निळा दोन्ही कागद वापरा, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण निळा निळाच राहिला तर पदार्थ बेसही असू शकतो आणि न्यूट्रलही, एका कागदावरून कळणारच नाही. कोरडी पावडर असेल तर आधी पाण्यात विरघळवा, कोरड्या कागदावर कोरडी पावडर टाकून काही होत नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर निळ्याला लाल करतात, खायचा सोडा आणि साबण लाल्याला निळं करतात, मीठ-साखरेच्या पाण्याने काहीच होत नाही. लिटमस नसेल तर हळदीचं पाणी घ्या, बेसमध्ये ते लालसर होतं, पण ॲसिड आणि न्यूट्रल दोन्हीत पिवळंच राहतं, त्यामुळे तिच्यावरून फक्त बेस पकडता येतो.

आता खोलात जायचं तर इथेनॉल अगदीच अलिप्त नाही हं, सोडियम धातूशी त्याची रिॲक्शन होऊन हायड्रोजन निघतो (हे घरी अजिबात करू नका), म्हणजे अगदी किंचित ॲसिडपणा आहे. पीकेए (ॲसिड किती जोरदार ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जोरदार) साधारण 16, जवळपास पाण्याइतकाच. फिनॉलमध्येही ओएच आहे पण तो बेंझिनच्या रिंगला (सहा कार्बनच्या कड्याला) जोडलेला, तिथे पीकेए 10 च्या आसपास येतो, म्हणून फिनॉल कमजोर ॲसिड.

मग वाईन का आंबट? तिचा पीएच (7 म्हणजे न्यूट्रल, त्याखाली ॲसिड) 3 ते 4 असतो पण तो अल्कोहोलमुळे नाही, द्राक्षातल्या टार्टारिक, मॅलिक ॲसिडमुळे. आणि उघडी ठेवली तर बॅक्टेरिया इथेनॉलचं ॲसेटिक ॲसिड करून टाकतात, तेच व्हिनेगर.

ब्लीच मात्र लिटमसने तपासू नका, ते कागदाचा रंगच उडवतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस निघतो.